इंग्रजी कवितेचा अर्थ लावताना: आधी अन्वय, मग आशय

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि पुढे बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं. पहिल्याच वर्षी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन'वर प्रश्न आला. मी लिहिलं की कवी कमी वर्दळीची वाट धरतो, म्हणून त्याचं आयुष्य घडतं, आणि आपणही तसंच धाडस करावं. गाइडमध्ये तेच होतं. पेपर परत आला तेव्हा बाईंनी समासात काही न बोलता कवितेतल्याच दोन ओळी लिहिल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजवल्या होत्या, असं कवीच त्या ओळींत म्हणतो. ती कविता मला तोंडपाठ होती, तरी त्या दोन ओळी मी वाचल्याच नव्हत्या.

त्यानंतर मी कविता वाचायला नव्याने शिकले. त्यात दोन-तीन वर्षं गेली. तुमची ती वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या इंग्रजी कवितेतला 'खोल अर्थ' बहुतेक वेळा तिच्या वाक्यरचनेतच असतो. संस्कृतच्या तासाला आपण श्लोकाचा अन्वय लावायला शिकलो. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, कोणतं विशेषण कोणाचं, हे शोधायची ती सवय इंग्रजी कवितेपुढे आपण विसरतो आणि थेट 'कवीला काय सांगायचं आहे' यावर उडी मारतो. ती उडी शेवटी मारायची असते.

जवळ काय असावं

- कवितेची छापील प्रत, दोन ओळींत भरपूर जागा सोडलेली. फोनच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही.
- पेन्सिल आणि एक वही. उजव्या पानावर कविता, डाव्या पानावर अन्वय.
- इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, तोही शब्दांचे जुने अर्थ देणारा. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'त प्रत्येक अर्थाखाली तो कोणत्या साली कोणी वापरला याची उदाहरणं असतात. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो आणि अठराव्या शतकातल्या कवितेसाठी तो फार कामाला येतो.
- बायबल. मराठी भाषांतर असलं तरी चालेल. ते का लागतं, हे सातव्या पायरीत सांगते.

गाइड आणि तयार सारांश मी या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. ते वाचायचेच असतील तर दहावी पायरी झाल्यावर वाचा.

१. आधी पाठ तपासा

तुमच्या हातात जी कविता आहे ती कवीने लिहिलेलीच आहे का, हे बघून घ्या. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तिच्या हयातीत तिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या. १८९०मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी विरामचिन्हं बदलली, काही ठिकाणी शब्द बदलले आणि तिने न दिलेली शीर्षकं दिली. मृत्यू घोडागाडी घेऊन दारात थांबतो त्या प्रसिद्ध कवितेला 'द चॅरियट' असं नाव मिळालं आणि तिचं एक अख्खं कडवं गळलं. संपादक थॉमस जॉन्सनने १९५५मध्ये हस्तलिखितांवरून पाठ तयार केला, तेव्हा ती विरामचिन्हांसारख्या वापरायची त्या आडव्या रेघा (डॅश) परत आल्या. जुना पाठ अजूनही इंटरनेटवर सगळीकडे फिरतो. डिकिन्सनच्या कवितेत रेघाच नसतील तर ती प्रत बाजूला ठेवा.

२. तीन वेळा मोठ्याने वाचा

पहिल्यांदा नुसतं ऐकण्यासाठी. दुसऱ्यांदा विरामचिन्हांवर थांबत. तिसऱ्यांदा अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढत. ओळ संपली म्हणून थांबायचं नाही, वाक्य संपलं की थांबायचं. या एका नियमाने अर्धी कविता सुटते.

३. अन्वय लावा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ खाते आणि सगळ्यांत जास्त देते. शेलीचं 'ऑझिमँडियस' हे सुनीत, म्हणजे १४ ओळींची कविता, घ्या. ते जानेवारी १८१८मध्ये छापलं गेलं. ऑझिमँडियस हे इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाचं ग्रीक नाव. वाळवंटात दगडाचे दोन प्रचंड पाय उभे आहेत, शेजारी वाळूत भंगलेला चेहरा अर्धा रुतला आहे, आणि चौथऱ्यावर लिहिलंय: मी राजांचा राजा, माझी कृत्यं बघा आणि हताश व्हा. आजूबाजूला वाळूशिवाय काही नाही.

याची थीम म्हणून सगळे 'सत्ता क्षणभंगुर असते' असं लिहितात. ते चूक नाही. पण मधल्या तीन ओळींचा अन्वय लावा. चेहऱ्यावरच्या आठ्या, मुडपलेला ओठ, हुकमतीची थंड तुच्छता हे सगळं सांगतं की शिल्पकाराने राजाच्या मनातल्या भावना अचूक वाचल्या होत्या. त्या भावना दगडावर उमटून 'सर्व्हाइव्ह' झाल्या आहेत. पुढे स्वल्पविराम येतो आणि मग ओळ: 'द हँड दॅट मॉक्ड देम, अँड द हार्ट दॅट फेड'.

इथे बहुतेक जण अडखळतात आणि ही ओळ सुटी समजून पुढे जातात. हा हात आणि हे हृदय वाक्यात करतात काय? उत्तर असं की इथलं 'सर्व्हाइव्ह' सकर्मक आहे. एखाद्याच्या मागे उरणं, असा त्याचा अर्थ आहे, आणि हात व हृदय ही त्याची कर्मं आहेत. सरळ मराठीत वाक्य असं होतं: 'निर्जीव दगडावर उमटलेल्या त्या भावना, त्यांची नक्कल करणाऱ्या हाताच्या आणि त्यांना पोसणाऱ्या हृदयाच्या मागे उरल्या.' हात शिल्पकाराचा, हृदय राजाचं. शिवाय 'मॉक' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, नक्कल करणं आणि थट्टा करणं. राजाच्या पदरी असलेल्या कारागिराने राजाचा गर्व दगडात कोरताना त्याची टरही उडवली, आणि राजाला ते कळलं नसावं.

आता आशय किती बदलला बघा. राज्य गेलं, राजा गेला, शिल्पकारही गेला. उरला तो गर्व, आणि तो उरला कारागिराच्या नजरेमुळे. 'हताश व्हा' हे शब्दही उलटे फिरले. राजाला म्हणायचं होतं की माझी बरोबरी तुम्हाला जमणार नाही म्हणून हताश व्हा. आज ते वाचणाऱ्या कोणाही सत्ताधीशाला त्यातून ऐकू येतं की याचंही काही उरलं नाही, म्हणून हताश व्हा. हे सगळं एका क्रियापदाचं कर्म शोधल्यावर हाती आलं. बाहेरची काही माहिती लागली नाही.

तुम्ही करताना असं करा: प्रत्येक पूर्ण वाक्याभोवती चौकट काढा, क्रियापदाखाली दुहेरी रेघ मारा, कर्त्यापासून त्याच्यापर्यंत बाण काढा, आणि डाव्या पानावर ते वाक्य साध्या मराठी गद्यात लिहा. सुंदर लिहायचं नाही, पूर्ण लिहायचं. जिथे मराठी वाक्य पुरं होत नाही, तिथे कविता अजून कळलेली नाही असं समजा.

४. बोलतंय कोण, आणि कोणाशी

कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं गृहीत धरणं हा सर्रास दिसणारा सापळा. ऑझिमँडियसमध्येच तीन आवाज आहेत: 'मी', मला भेटलेला प्रवासी, आणि चौथऱ्यावरचा राजा. शेली स्वतः इजिप्तला कधी गेलाच नव्हता.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ची 'माय लास्ट डचेस'. इटलीतला एक ड्यूक आपल्या मृत पत्नीचं चित्र पाहुण्याला दाखवतोय. ती सगळ्यांशीच हसून वागायची, ही त्याची तक्रार. मग तो म्हणतो, मी हुकूम दिले आणि सगळं हसू एकदम थांबलं. हुकूम कसले, हे तो सांगत नाही. ऐकणारा माणूस त्याच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला आहे, हे आपल्याला शेवटी कळतं. ड्यूक म्हणतो की मला बोलण्याची कला नाही, आणि ५६ ओळी यमकाच्या जोड्यांत बोलतो. कवीचं मत कवितेत कुठेच नाही. बोलणारा माणूस स्वतःबद्दल नकळत काय उघड करतो, तिथे ते शोधायचं.

वहीत प्रत्येक कवितेखाली तीन ओळी लिहा: कोण बोलतं, कोणाशी, आणि बोलण्याआधी काय घडून गेलंय.

५. शब्दाचं वय बघा

वर्ड्सवर्थ डॅफोडिल फुलं पाहून 'गे' होतो, म्हणजे आनंदित होतो. हे बहुतेकांना माहीत असतं. खरा घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत.

विल्यम ब्लेकची 'लंडन' ही १७९४ची कविता. पहिल्या दोन ओळींत रस्ता 'चार्टर्ड' आहे आणि थेम्स नदीही 'चार्टर्ड'. इंग्रजी-मराठी कोशात तुम्हाला 'भाड्याने घेतलेला' वगैरे सापडेल आणि काहीच लागणार नाही. चार्टर म्हणजे सनद. सरकारने किंवा राजाने एखाद्या कंपनीला, शहराला, संस्थेला दिलेला हक्कनामा. हा शब्द आपल्या इतिहासाला चांगलाच परिचित आहे: ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली अशीच सनद मिळाली आणि ब्रिटिश संसदेने १७९३मध्ये ती २० वर्षांसाठी वाढवून दिली. ब्लेकची कविता त्याच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच काळात टॉमस पेन हा राजकीय लेखक लिहीत होता की सनद हक्क देत नाही, ती इतरांचे हक्क काढून घेते. आता ओळ वाचा. रस्ता सनदी, वाहती नदीसुद्धा सनदी. ज्या पाण्यावर कोणाचीच मालकी असू नये त्याचेही कागद झालेत.

ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या खर्ड्यात या जागी 'डर्टी' असा शब्द होता. तो खोडून त्याने 'चार्टर्ड' लिहिलं. घाण दिसते, सनद दिसत नाही. पुढे त्याच कवितेत मनाने घडवलेल्या बेड्या येतात, त्यांची तयारी इथेच झालेली आहे. 'थीम: शोषण' एवढंच लिहिणाऱ्याच्या हातून हे सगळं निसटतं.

प्रत्येक कवितेतले चार-पाच शब्द, विशेषतः सोपे वाटणारे, मोठ्या कोशात बघाच.

६. ऋतू आणि भूगोल त्यांचाच ठेवा

शेक्सपिअरचं १८वं सुनीत प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करावी का, असं विचारतं. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात राहिलेल्या माणसाला ही स्तुती वाटणं कठीण आहे. इंग्लंडचा उन्हाळा छोटा, हवाहवासा, आणि मेमध्ये तिथे कळ्या धरतात. 'उन्हाळ्याचा भाडेकरार फार थोड्या मुदतीचा' ही ओळ त्या हवेतच कळते.

कीट्सची 'टू ऑटम' (सप्टेंबर १८१९, विंचेस्टर) वाचताना ऑटमला 'शरद' म्हटलं की मनात कोजागरीचं चांदणं येतं. कवितेत आहेत फळांनी वाकलेल्या वेली, सायडरचा (सफरचंदाच्या पेयाचा) घाणा, धान्याच्या कोठाराच्या जमिनीवर निवांत बसलेला ऋतू, आणि शेवटी दक्षिणेला निघालेल्या पाकोळ्या. ऋतूचं नाव भाषांतरित करू नका. त्या ऋतूत तिथे काय घडतं, ते वहीत लिहा.

७. वळण शोधा

सुनीताच्या १४ ओळी आपल्याला परक्या नाहीत, हा आकृतिबंध केशवसुतांनी मराठीत आणला. या प्रकारात कुठेतरी विचार वळतो. इटालियन धाटणीत साधारण आठ ओळींनंतर, शेक्सपिअरच्या धाटणीत बहुधा शेवटच्या दोन ओळींत. 'बट', 'येट', 'देन' हे शब्द दिसले की पेन्सिल थांबवा.

वळण ठरल्या जागी नसेल तर जास्त लक्ष द्या. मिल्टनची दृष्टी १६५२च्या सुमाराला पूर्ण गेली. आपल्या अंधत्वावरच्या सुनीतात तो विचारतो की प्रकाश काढून घेऊन देव दिवसाची मजुरी मागतो का? 'आय फाँडली आस्क' असं तो म्हणतो. 'फाँडली' म्हणजे इथे 'मूर्खपणाने', 'प्रेमाने' नव्हे. आणि नवव्या ओळीची वाट न बघता आठव्या ओळीच्या मध्येच धीर बोलायला उठतो: 'बट पेशन्स, टु प्रिव्हेंट...'. 'प्रिव्हेंट'चा जुना अर्थ आधीच पुढे येऊन थोपवणं. धीर खरोखरच आपल्या जागेच्या आधी येतो, कुरकुर पुरी होऊ देत नाही. अर्थ आणि आकृती इथे एकाच वेळी घडतात. अशी जागा पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

याच कवितेत बायबल लागतं. 'टॅलन्ट' हे येशूच्या दृष्टान्तातलं पैशाचं मापही आहे. धनी नोकरांना पैसे देऊन जातो, एक नोकर ते पुरून ठेवतो आणि शिक्षा भोगतो (मत्तय, अध्याय २५). मिल्टनची भीती ही त्या नोकराची भीती आहे.

आणखी एक सूचना: 'ऑन हिज ब्लाइंडनेस' हे शीर्षक मिल्टनचं नाही, मागाहून दिलेलं आहे. उत्तरात 'कवीने शीर्षकातून सूचित केलं' असं लिहू नका.

८. कानाने तपासा

इंग्रजी छंद लघु-गुरूवर चालत नाही, आघातावर चालतो. भुजंगप्रयात मोजायच्या सवयीने गण पाडायला गेलात तर गोंधळ उडेल. 'आयँब' म्हणजे एक हलकं अक्षर आणि एक जोराचं. सुरुवातीला एवढं पुरे. त्यापेक्षा यमकं कशी गुंफली आहेत ते बघा.

फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे, कारण तिच्या शेवटच्या ओळी पंडित नेहरूंनी स्वतःच्या हाताने लिहून जवळ ठेवल्या होत्या. प्रत्येक कडव्यात पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी एकटी राहते. त्या एकट्या ओळीचं यमक पुढचं कडवं उचलतं. अशी साखळी पुढे पुढे ओढत राहते. शेवटच्या कडव्यात मात्र चारही ओळी एकाच यमकात, आणि शेवटची ओळ दोनदा. पुढे नेणारी कडी उरत नाही. बोलणारा म्हणतो की मला अजून खूप मैल जायचंय, आणि कवितेचा आवाज मात्र तिथेच थांबून पेंगतो. कर्तव्याची हाक म्हणून ही कविता भाषणांत येते. जंगलाची ओढही तेवढीच खरी आहे, हे कान सांगतो.

९. चरित्र आता उघडा, आधी नाही

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येते. फ्रॉस्ट १९१२मध्ये इंग्लंडला गेला. १९१४मध्ये ग्लॉस्टरशरच्या रानात तो एडवर्ड टॉमस या मित्राबरोबर फिरायचा. टॉमस वाट निवडायचा आणि मग दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर बरं झालं असतं, असं हळहळत बसायचा. 'द रोड नॉट टेकन' त्या सवयीच्या थट्टेतून आली आणि ऑगस्ट १९१५मध्ये 'अटलांटिक मंथली' या अमेरिकन मासिकात छापली गेली. टॉमसने ती गंभीरपणे घेतली. तो १९१५मध्येच सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी पहिल्या महायुद्धातल्या अरासच्या लढाईत मारला गेला.

ही हकीकत आधी वाचली असती तर मी तीच उत्तरात भरली असती. कविता वाचून झाल्यावर वाचली, तेव्हा तिने कवितेत असलेलीच गोष्ट उजळली. शेवटच्या कडव्याचं क्रियापद भविष्यकाळी आहे: 'आय शॅल बी टेलिंग धिस विथ अ साय'. खूप वर्षांनी मी उसासा टाकून हे सांगत असेन. म्हणजे 'मी कमी वर्दळीची वाट घेतली' हे वाक्य त्या सकाळी खरं नव्हतं. पुढे कधीतरी तो तसं सांगणार आहे, आणि आपण तसं सांगू हे त्याला आत्ताच ठाऊक आहे. उसासा समाधानाचा की हळहळीचा, कवी सांगत नाही. शीर्षकही न घेतलेल्या वाटेचं आहे.

१०. थीम वाक्यात लिहा

'मृत्यू', 'निसर्ग', 'प्रेम' हे विषय झाले. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल ही कविता काय म्हणते. म्हणून कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्यच लिहायचं. जसं: 'आपण केलेल्या निवडीला अर्थ आपण मागाहून देतो, आणि तो देताना घडलेलं थोडं बदलून सांगतो.' मग त्या वाक्यापुढे कवितेतल्या किमान तीन जागा लिहा ज्या त्याला आधार देतात, आणि एक अशी जागा जी त्याच्या विरोधात जाते. विरोधात जाणारी जागा सापडलीच नाही, तर वाक्य फार ढोबळ आहे.

प्रतिमांच्या बाबतीतही हेच. 'गुलाब म्हणजे प्रेम, रात्र म्हणजे मृत्यू' अशा याद्या पाठ करू नका. फ्रॉस्टच्या कवितेत बर्फ काय करतो, ते त्या कवितेतच बघा.

११. परीक्षेसाठी लिहायचं असेल तर

रसग्रहणात किंवा 'ॲप्रिसिएशन'मध्ये अलंकारांची यादी देऊन मार्क मिळतात, पण थोडे. 'इथे अनुप्रास आहे' यापुढे 'त्यामुळे काय होतं' हे एक वाक्य प्रत्येक वेळी लिहा, जमत नसेल तर तो अलंकार वगळा. कवीचं जन्मवर्ष आणि पुरस्कार यांत पहिला परिच्छेद घालवू नका. अवतरणं छोटी घ्या, दोन-चार शब्दांची.

कुठून सुरू करावं, हे बरेच जण विचारतात. माझा क्रम असा: आधी 'स्टॉपिंग बाय वुड्स', तिची भाषा सोपी आहे. मग 'लंडन', मग 'ऑझिमँडियस', मग शेक्सपिअरचं १८वं आणि मिल्टनचं सुनीत, त्यानंतर 'माय लास्ट डचेस'. एका कवितेला एक आठवडा द्या, रोज अर्धा तास. डिकिन्सन शेवटी घ्या. तिच्या रेघांमुळे एकाच ओळीचा अन्वय दोन प्रकारे लागतो, आणि पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात. तिथे डावं पान पुरत नाही, मी मधे जोडपान चिकटवते.